पिवळ्या गाडीतली खिटी

त्याला सगळे फ्यूजभाऊ म्हणायचे. गाडी कुठलीही असो आणि दुखणं कसलंही असो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितला का?" बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडायचं, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे गाड्यांमध्ये जागोजाग कॉम्प्युटर आले, दुखणी बदलली, पण नाव काही बदललं नाही. दोन गाड्या जेमतेम मावतील अशी पत्र्याची शेड, एका भिंतीला लांबच लांब बाक, बाकावर सोल्डरिंग गन, मीटर आणि तारांची भेंडोळी. इंजिनाला तो हात लावत नसे. वायरिंग, दिवे, कुलपं, एवढंच त्याचं राज्य. त्या राज्यात मात्र त्याच्या हाताला यश होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊकही होतं.

त्याच्या या हाताबद्दल शंका घेणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे त्याच्या सासूबाई.

सासूबाईंनी पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखनिकाचं काम केलं होतं. लोक बोलत आणि त्या लिहीत. वकील ओरडले, साक्षीदार रडले, न्यायाधीशांना जांभई आली, तरी यांची पेन्सिल थांबत नसे. पस्तीस वर्षं त्या बसने गेल्या आणि बसने आल्या. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, बाई आता बाग करतील किंवा तीर्थाटनाला जातील. बाईंनी केलं काय, तर परदेशी निघालेल्या एका डॉक्टरची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीटची, लिंबासारखी पिवळी, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखं.

"आई, या वयात?" त्याची बायको म्हणाली होती.

"मग कोणत्या वयात?" सासूबाईंनी विचारलं होतं. "त्या वयात मी बसच्या रांगेत होते."

बायकोने तो विषय तेवढ्यावर सोडला नाही. आईचे गुडघे, आईचा चष्मा, आईचा खांदा, रोज एक कलम निघायचं. थोरल्या मावशीचा, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीचा, फोन आला की तिचीही साथ मिळायची. फ्यूजभाऊ या वादात पडत नसे. मनातून त्याला ती गाडी आवडायची. पण सासूबाई त्याला ज्या सुरात "जावईबापू" म्हणायच्या, तो सूर ऐकला की त्याला आपण अजून उमेदवारीवरच आहोत असं वाटायचं.

तर या गाडीच्या स्टिअरिंगचं कुलूप बिघडलं.

गाडी बंद करून चावी काढली की स्टिअरिंगच्या दांड्याला आतून कुलूप लागतं. एका छोट्या डबीतून बोटाच्या पेराएवढी लोखंडी खिटी बाहेर येते आणि दांड्याच्या खाचेत बसते. मग चोराने कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही. चावी लावली की डबीतली इवलीशी मोटर खिटी मागे ओढते, गाडीचा कॉम्प्युटर खात्री करून घेतो, आणि मगच गाडी सुरू होते. सासूबाईंच्या गाडीत ही मोटर थकली होती. कधी खिटी मागे यायची, कधी यायची नाही. डॅशबोर्डवर कुलपाचं लाल चित्र लुकलुकायचं आणि गाडी ठप्प. एकदा भाजीच्या बाजारात, एकदा बँकेच्या दारात, एकदा सिग्नलजवळ. लोक गोळा व्हायचे, ढकलू का म्हणायचे, आणि चाकच फिरत नसल्यामुळे ढकलूनही उपयोग नसायचा.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "गुरुवारी मला ताईकडे जायचंय. घाटापलीकडे. बुधवारी संध्याकाळपर्यंत होईल?"

नवी डबी मागवली होती, पण ती यायला तीन आठवडे लागणार होते. नाही होणार, थांबा, असं सांगून टाकायला हवं होतं. पण तो म्हणाला, "होईल की. त्यात काय!"

भंगारवाल्याकडून त्याने तसल्याच गाडीची जुनी डबी आणली. उघडून बघितली तर तिची मोटर जळालेली, आणि खिटीला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चक्राचे दातही झडलेले. दोन-तीन दातांवर खिटी कशीबशी अडकून होती. तेव्हा त्याने दुसरा रस्ता धरला. सासूबाईंच्याच डबीतून खिटी काढून टाकायची. खिटीच नाही तर अडकणार काय? आणि कॉम्प्युटरला फसवायला एक छोटं सर्किट बसवायचं, जे चावी लावली की "कुलूप उघडलं, कुलूप उघडलं" एवढंच सांगत राहील. नवी डबी येईपर्यंत गाडी धावेल. चोरी व्हायची भीती तेवढी राहील, पण ती पिवळी गाडी चोरून लपवणार कुठे!

बुधवारी दुपारी बाकावर दोन डब्या शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. समोर स्टुलावर सासूबाई, मांडीवर पर्स, पाठ ताठ.  दर दहा मिनिटांनी त्या मनगटावरचं घड्याळ बघायच्या, आणि ते बघणं फ्यूजभाऊच्या मानेवर माशी बसावी तसं बसायचं. त्याने खिटी काढली, ट्रेमध्ये ठेवली, डबी बंद केली. तेवढ्यात बाहेर एक बस येऊन थांबली. दोन्ही हेडलाइट गेलेले, ड्रायव्हर घायकुतीला आलेला. फ्यूजभाऊ अर्धा तास तिकडे गेला. परत आला, हात पुसले, बाकावरची डबी उचलली, गाडीत वाकून बसवली. सर्किट जोडलं. चावी लावली. गाडी पहिल्या झटक्यात गुरगुरली.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"झालं."

त्या गाडीत बसल्या, चाक इकडे तिकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं." त्यांच्या तोंडून बरं झालं म्हणजे इतरांच्या तोंडून आरतीच. फ्यूजभाऊ त्या दिवशी शीळ घालत घरी गेला.

गुरुवारी सकाळी आठला सासूबाई निघाल्या. सव्वानऊला त्याने शेड उघडली, बाक आवरायला घेतला. ट्रेमध्ये खिटी होती. ती असायलाच हवी होती. शेजारी भंगारातली डबी होती. ती फेकून द्यावी म्हणून त्याने उचलली आणि सवयीने कानाशी हलवली.

काही वाजलं नाही.

भंगारातली डबी वाजायची. झडलेले दात आतल्या आत खुळखुळायचे. त्याने पुन्हा हलवली. मग स्क्रू काढले.  झाकण उघडलं. चक्र शाबूत, दात शाबूत, आणि खिटीची जागा रिकामी.

ही सासूबाईंची डबी होती.

मग गाडीत होती ती भंगारातली. खिटीसकट. दोन-तीन दातांवर लटकलेली, मागून स्प्रिंगचा रेटा. एक चांगला खड्डा लागला, एक दात आणखी मोडला, की खिटी पुढे सरकणार, आणि चाक वळवताना खाच समोर आली की खाटकन आत बसणार. गाडी चालू असताना. घाटात.

 तो उगाचच शेडच्या दारापर्यंत गेला, परत आला, डबी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्याला माहीत होतं की उपयोग नाही. सासूबाई गाडी चालवताना फोन पर्समध्ये टाकून पर्स डिकीत ठेवायच्या. "फोनवर बोलत गाडी चालवणारे मी पुष्कळ पाहिलेत," त्या म्हणायच्या, "आरोपीच्या पिंजऱ्यात."

शेडला कुलूप घालायचं राहिलंच. त्याने हत्यारांची पेटी आपल्या व्हॅनमध्ये टाकली आणि निघाला.

गाव सुटेपर्यंत तीन सिग्नल लागले, तिन्ही लाल. तो बोटांनी चाकावर ताल धरून बसला होता, पण तो ताल कशाचाच नव्हता. हायवेच्या मदत क्रमांकावर फोन केला. आधी बराच वेळ संगीत. मग एका माणसाने गाडीचा रंग विचारला, नंबर विचारला. रंग सांगितला. नंबर काही केल्या आठवेना. महिनाभर ज्या गाडीखाली आपण लोळतो तिचा नंबर आठवू नये?

"नंबर मिळाला की सांगा," माणूस म्हणाला. "तोवर गस्तीच्या गाडीला कळवून ठेवतो."

नंबरासाठी बायकोला फोन करणं आलं. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या टेबलावर बसायची, त्यामुळे तिचा फोन लगेच उचलला गेला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. आईंच्या गाडीचा नंबर काय?"

"कशाला?"

"असंच. कागदावर लिहायचाय."

"तुम्ही गाडी चालवताय. हॉर्न ऐकू येतायत मला. अहो, काय झालंय?"

 त्याने सगळं सांगितलं. 

"तिला काही झालं तर," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं. मग एकदम कामाच्या आवाजात तिने नंबर सांगितला, आणि पुढे म्हणाली, "तिच्या पाठीसाठी डॉक्टरांनी सांगितलंय, पाऊण तास चालवलं की उतरून शंभर पावलं चालायचं. ती दहा मिनिटं थांबते, घड्याळ लावून. तुम्ही न थांबता गेलात तर गाठाल. मी मावशीकडे फोन करते. पोचली असेल तर... नाही, एवढ्यात कशी पोचेल."  "मी म्हणत होते ना, या वयात ही गाडी नको. म्हणत होते ना मी?"

 वयाचा इथे काय संबंध, असं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "ठेवतो." मग त्याने हायवेच्या माणसाला नंबर कळवला, पण गस्तीची गाडी घाटाच्या पलीकडे होती.

व्हॅन जुनी होती. ऐंशीच्या पुढे गेली की तिच्या दारांना हुडहुडी भरायची. आज त्याने ती शंभरावर नेली. डोक्यात आकडेमोड चालू. आठला निघाल्या, पावणेनऊला थांबल्या, पंचावन्नला निघाल्या. म्हणजे आता कुठे असतील? घाटाच्या पायथ्याला? पायथ्याच्या पुढे? रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या बुडाला बसायचा आणि वाटायचं, यावरून गाडी गेली असणार. तेव्हा चक्राचा दात मोडला असेल का? की पुढच्या खड्ड्यात? दूरवर काही पिवळं दिसलं की तो व्हॅन आणखी दामटायचा. एकदा तो रस्त्याच्या कामाचा रोलर निघाला, एकदा स्कूलबस, एकदा तर गोठ्यावर घातलेलं प्लास्टिक.

एका पेट्रोल पंपावर त्याने व्हॅन आत घातली, खाली न उतरताच ओरडला, "पिवळी गाडी पाहिली का? बुटकी? एक बाई चालवत होत्या, पांढरे केस?"

"त्या आजी?" पंपावरची मुलगी हसली. "इथे गोल गोल फिरत होत्या. पावलं मोजत होत्या. गेल्या की, पाऊण तास झाला असेल."

ती मुलगी हसून सांगत होती, आणि त्याला वाटलं हिच्यासारखं आपल्यालाही हसता यायला हवं होतं. तो पुन्हा रस्त्याला लागला.

घाट सुरू झाला तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. पहिली वळणं सौम्य होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा आणि पलीकडे नुसती हवा. खरी वळणं पुढे होती, एकावर एक रचलेली, जिथे चाक दोन्ही हातांनी पूर्ण फिरवावं लागतं. त्याने कठड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येक वळणाला कठड्याकडेच बघितलं. कुठे दगड निखळलेला नाही ना, कुठे पिवळा रंग घासलेला नाही ना.

आणि एका वळणापलीकडे गाड्यांची लांब रांग उभी दिसली.

 ब्रेक दाबला हे त्याला व्हॅन थांबल्यावर कळलं. लोक गाड्यांतून उतरून पुढे बघत होते. तो उतरला आणि पळत सुटला. वाटेत एका ट्रक ड्रायव्हरला धरलं.

"काय झालंय पुढे? अपघात?"

"दरड आलीय. उचलतायत. तासभर झाला," ट्रकवाला म्हणाला. मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, "कोणी आहे का पुढे तुमचं?"

तो पुढे पळाला. पंधरा गाड्या, वीस गाड्या. आणि एका टँकरच्या पुढे, टँकरच्या चाकाहून थोडीच उंच, ती पिवळी गाडी शांत उभी होती. खिडकीची काच खाली. सासूबाई आत बसून सफरचंद कापत होत्या.

नेमक्या त्याच वेळी पुढून शिट्टी वाजली. रांगेतली इंजिनं एकामागून एक सुरू व्हायला लागली. सासूबाईंनी सुरी मिटली आणि चावीला हात घातला.

"नको!" तो ओरडला. "आई, चावी लावू नका! चाकाला हात लावू नका!"

त्यांनी मान वळवली. "जावईबापू? तुम्ही इथे कसे? घरी सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तुम्ही आधी उतरा."

"काय झालंय ते सांगाल का?"

"उतरा ना, आई!"

इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी या आवाजात बोलला नव्हता. त्या उतरल्या. मागचा टँकर हॉर्न वाजवायला लागला, त्याच्या मागचेही. तेवढ्यात तो मघाचा ट्रक ड्रायव्हर खालून चालत आला. न विचारताच तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि हात हलवत गाड्यांना बाजूने काढायला लागला. "अरे जाऊ दे, गाडी बंद पडलीय, आजींची गाडी आहे!" तो ओरडत होता. आणखी दोघांनी हात लावला आणि पुढे रस्ता वळत होता तिथवर गाडी सरळच ढकलून कठड्याच्या कडेला घेतली. चाक अजून फिरवायचं नव्हतं.

फ्यूजभाऊची पेटी मागे व्हॅनमध्येच राहिली होती. पुन्हा पळत जाऊन पेटी आणणं, व्हॅन बाजूला लावणं, पुन्हा पळत येणं. मग तो गाडीत उलटा झोपला, पाय दाराबाहेर, डोकं पेडलांपाशी. स्टिअरिंगखालचं आवरण काढलं. टॉर्च मारला.

खिटी अर्धी बाहेर आली होती. तिचं टोक दांड्याला टेकलं होतं, आणि जिथे टेकलं होतं तिथे लोखंडावर एक ताजी, चकचकीत रेघ उमटली होती. म्हणजे ती कितीतरी वेळ दांड्यावर घासत आली होती. खाच तिथून दोन बोटांवर होती. पुढचं एक पूर्ण वळण, आणि ती खाच बरोबर टोकासमोर आली असती.

तो तसाच पडून राहिला. बाहेरून गाड्या एकेक करत जात होत्या, वर, खऱ्या वळणांकडे. मग त्याने डबी सोडवली, उघडली, खिटी उपसून खिशात घातली, आणि ती रिकामी डबी परत जागेवर बसवली. बसवण्याआधी चार वेळा हलवून, उजेडात धरून, बोट घालून पाहिली.

बाहेर आला तेव्हा सासूबाई कठड्यावर बसल्या होत्या. ट्रकवाला निघून गेला होता. रस्ता जवळपास मोकळा झाला होता.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

"काही नाही, ती डबी जरा..." त्याने खिशात हात घातला. खिटी गरम लागली. "चुकून डबीची अदलाबदल झाली होती. खिटी आत राहून गेली होती."

"अदलाबदल झाली," सासूबाईंनी त्याचे शब्द परत म्हटले, जसे पस्तीस वर्षं लोकांचे शब्द परत वाचून दाखवले असतील तसे. "राहून गेली. डबीला पाय होते का?"

तो पेटीतली पकड उगाच पुसायला लागला.

"कोर्टात सगळे असंच बोलायचे, जावईबापू. काच फुटली. कागद हरवले. गाडी आदळली. कोणी काही करतच नसे. सगळं आपोआप व्हायचं आणि मी ते तसंच लिहून घ्यायचे. मला ते लिहायचं नाहीये आता. तुम्ही सरळ सांगा."

"मी चुकीची डबी बसवली," तो म्हणाला. "बसचं काम करून आलो आणि न बघता जी हाताला लागली ती बसवली. बसवल्यावर तपासली नाही. तुम्ही घड्याळ बघत होतात आणि मला लवकर करून दाखवायचं होतं." मग त्याने खिशातून खिटी काढून त्यांच्यापुढे धरली. "ही अर्धी बाहेर आली होती. पुढच्या वळणावर चाक अडकलं असतं."

सासूबाईंनी खिटी हातात घेतली नाही. नुसती बघितली.  

मग त्या म्हणाल्या, "खाली, त्या पुलानंतरच्या वळणावर, चाक जड लागलं मला. कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. दोनदा लागलं."

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, माझाच खांदा." त्या दूर बघत होत्या. "सगळे सांगतच असतात ना. वाटलं, खरंच झालं बहुतेक वय. आणि ते कोणाला कळू नये म्हणून तशीच चालवत राहिले."

 आत्तापर्यंत तो फक्त अपघाताला भीत होता. आता त्याला अपघातानंतरचं सगळं दिसलं. दवाखान्याचा व्हरांडा, बायकोचं रडणं, थोरल्या मावशीचं "तरी मी म्हणत होते, या वयात" आणि सगळ्यांच्या माना डोलणं. डबी तपासायला कोण गेलं असतं? गाडीचा चुराडा झाला असता. आणि तो तिथेच कोपऱ्यात उभा राहून, खाली मान घालून... त्याने पुढे काही म्हटलं असतं का? म्हटलंच असतं, असं तो स्वतःला दोनदा बजावत राहिला, आणि दोन्ही वेळा त्याला ते पटलं नाही.

"आई," तो म्हणाला, "तुमचा खांदा नव्हता. ती मी बसवलेली डबी होती."

"कळलं मला." त्या उठल्या, पदर झटकला. "व्हॅनची चावी द्या."

"अं?"

"व्हॅन मी आणते. ही तुम्ही चालवा. वरपर्यंत. सगळी वळणं. तुम्हीच दुरुस्त केलीय ना? मग आधी तुम्ही बसा."

ती व्हॅन दुसऱ्या गिअरला रुसते, क्लच तळाशी दाबावा लागतो, असं काहीबाही त्याने सांगायचा प्रयत्न केला. त्या ऐकत नव्हत्या. तो पिवळ्या गाडीत जमिनीलगत बसला. आरशात त्याची स्वतःची व्हॅन, आणि काचेआड पांढरे केस, ताठ मान.

पहिल्याच मोठ्या वळणाला त्याचे तळवे घामाने निसटले. त्याला माहीत होतं की खिटी त्याच्या खिशात आहे. मांडीला टोचतही होती. तरी चाक फिरवताना कान दांड्याकडे लागले होते आणि पाय ब्रेकवर. दुसरं वळण, तिसरं. मागून व्हॅनचा हॉर्न वाजला. तो फार सावकाश चालला होता. त्याने वेग वाढवला नाही. पाचव्या वळणाला पुन्हा हॉर्न. गाडी लोण्यासारखी वळत होती, आणि त्याला त्यात जराही आनंद वाटत नव्हता. रोज हेच करतो आपण, त्याच्या मनात आलं. दुसऱ्याच्या हातात चावी देतो, झालं म्हणतो, आणि शीळ घालत घरी जातो.

थोरल्या मावशी फाटकातच उभ्या होत्या. त्यांना भाचीचा फोन आला होता. व्हॅनमधून उतरणारी बहीण पाहून त्यांनी तिला गच्च धरलं, मग बाजूला करून म्हणाल्या, "पुरे झाली आता ती गाडी. तरी मी म्हणत होते..."

"मावशी," फ्यूजभाऊ मध्येच म्हणाला, "गाडी ठीक होती आणि आई नीट चालवत होत्या. मी चुकीचा भाग बसवला होता. मी."

 सासूबाईंनी डिकी उघडून पर्स काढली, आणि त्या आत जात म्हणाल्या, "जेवून जा. व्हॅनचा क्लच फारच खराब आहे तुमच्या."

तो जेवला, काय जेवला ते त्याला आठवलं नाही. शेड उघडी टाकून आल्याचं आठवलं, त्या निमित्ताने तो दुपारीच परत फिरला. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं, खांद्याचंही सांगितलं. "तिला वाटलं आपलं वय झालं, म्हणून ती गप्प बसली," एवढं ऐकल्यावर बायको उठली. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं आणि आईला फोन लावला. तो बाहेर बसला. बसवेना म्हणून उठला. दाराशी जाऊन ऐकावंसं वाटलं, ते बरं दिसेना म्हणून गॅलरीत गेला. तासाभराने बायको बाहेर आली. डोळे लाल होते.

"रविवारी परत येतेय," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे आणायला येतील. नको म्हणाली. एकटीच येणार."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही. ये म्हटलं."

रविवारी सकाळपासून त्याने घरातले तीन दिवे, एक मिक्सर आणि शेजाऱ्यांची बेल दुरुस्त केली. प्रत्येक काम करून झाल्यावर दोनदा उघडून पुन्हा पाहिलं. शेजारी म्हणाला, "वाजतेय की!" तरी त्याने पाहिलं. चारनंतर तो चौकात जाऊन उभा राहिला. कोणी ओळखीचं भेटलं की सहज आलोय म्हणायचा. पाच वाजले. साडेपाच वाजले.

उन्हं कलली तेव्हा ती आली. धुळीने माखलेली, पुढच्या काचेवर किड्यांचे डाग, आणि वेग जरा जास्तच. त्याच्यापाशी येऊन थांबली. सासूबाईंचे केस वाऱ्याने विस्कटलेले होते आणि त्या दमलेल्या, पण चांगल्याच ताज्यातवान्या दिसत होत्या.

"मागचा डावा दिवा लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "बघाल का?"

"आत्ता बघतो. शेड उघडतो, लगेच..."

"उद्या बघा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी मी येऊन बसणार नाही. गाडी ठेवून जाईन. तुमचं झालं की सांगा."